शरीराची उसनवारी

१९२८ साली डॉ. ल्युसी विल्स इंग्लंडहून मुंबईत आल्या, त्या एका कोड्याच्या मागावर. शहरातल्या गरोदर बायकांना, त्यातही कापडगिरण्यांच्या आधाराने जगणाऱ्या गरीब घरांतल्या बायकांना, एक जीवघेणा पंडुरोग जडत होता. पोटातलं बाळ वाढू लागलं की चेहऱ्याचा रंग उडायचा, अंगात त्राण उरायचं नाही, जिना चढताना धाप लागायची. काही जणी बाळंतपणाआधीच जायच्या, काही बाळंतपणानंतर. त्यांच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन पाहिला, तर तांबड्या पेशी संख्येने फार कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. नुसतं लोह देऊन हा पंडुरोग हटत नव्हता.

परळच्या हाफकिन संस्थेत विल्सबाईंनी तपास सुरू केला, तो आधी जंतूंचा. त्या काळी कुठल्याही आजाराकडे पाहण्याची तीच रीत होती. जंतूंचा धागा कुठेच पोचेना, तेव्हा त्या बायकांच्या चुलीकडे वळल्या. कोण काय खातं, किती खातं, भाजी आठवड्यातून किती वेळा होते, दूध मिळतं का, फळ कधी पाहायला मिळतं का, याची त्यांनी चौकशी केली. जिचं ताट सर्वांत उणं, तिचं रक्त सर्वांत वाईट, असं चित्र दिसू लागलं. मग संस्थेतल्या उंदरांना आणि पुढे माकडांना त्याच गरीब घरातल्यासारखा आहार देऊन पाहिला, तेव्हा तेही तसेच खंगले. त्यांना बरं करण्यासाठी जे जे देऊन पाहिलं, त्यात एक वस्तू अगदी साधी निघाली: मार्माइट. बिअर तयार झाल्यावर भट्टीत उरणाऱ्या यीस्टपासून केलेला हा काळपट, खारट, चिकट अर्क इंग्लंडात लोक पावाला लावून खात. खंगलेली माकडं त्याने उठून बसली. मग तो आजारी बायकांना दिला गेला, आणि त्याही सावरल्या. १९३१ साली विल्सबाईंनी ही हकिगत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. यीस्टमधलं नेमकं काय गुण देतं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. जगाने त्याला ‘विल्स घटक’ असं नाव देऊन ठेवलं.

त्या घटकाचा चेहरा दिसायला आणखी दहा वर्षं गेली. १९४१ साली अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठात चार टन पालक रगडून, गाळून, आटवून त्यातून चिमूटभर द्रव्य वेगळं काढण्यात आलं. पानातून निघालं म्हणून, पानाच्या लॅटिन नावावरून, ते फॉलिक आम्ल झालं. १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत घडवण्याचं काम लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने केलं. आंध्रातल्या भीमावरमच्या या माणसाने स्प्रू हा आतड्यांचा आणि पंडुरोगाचा आजार स्वतःच्या घरात पाहिला होता. तेव्हा त्यांचं हे संशोधन केवळ नोकरीपुरतं नसावं.

माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार होतात. प्रत्येक नवी पेशी घडवताना तिच्यासाठी जनुकांची पूर्ण प्रत उतरवावी लागते, आणि त्या लिखाणाची शाई फॉलेटशिवाय, म्हणजे याच फॉलिक आम्लाच्या अन्नातल्या रूपाशिवाय, तयार होत नाही. शाई कमी पडली की पेशी फुगते, पण विभागता येत नाही. काचपट्टीवर दिसणाऱ्या त्या मोठ्या, मोजक्या पेशी म्हणजे अर्ध्यात अडकलेलं काम. गर्भारपणात आईच्या आणि बाळाच्या अशा दोन्ही शरीरांत हे काम एकदम चालतं, म्हणून नेमका तेव्हाच तुटवडा उघडा पडतो. मुंबईच्या बाजारात तेव्हाही मेथी, चाकवत, माठ, अळू विकायला येत होतं. ज्या घरांत ते पोचत नव्हतं, तिथल्या बायका मरत होत्या.

पोषणाच्या विषयाला या गोष्टीने हात घातला, कारण या विषयाचं मर्म तीत आहे. पोट भरणं आणि पोषण होणं ही दोन कामं आहेत. शरीर हे मोठं कर्तबगार घर आहे, बहुतेक वस्तू ते घरच्या घरीच करतं. लागणारं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतं, साखर संपली तर प्रथिनं मोडून साखर करतं, उरलेल्या साखरेची चरबी करून बाजूला ठेवतं. तरी काही मोजक्या वस्तू त्याला काही केल्या बनवता येत नाहीत. नऊ अमिनो आम्लं, दोन स्निग्धाम्लं, तेरा जीवनसत्त्वं, लोह-चुना-आयोडीन-जस्तासारखी खनिजं अशी सगळी मिळून चाळीसच्या आसपास. शेजारी वाटी घेऊन जावं तशी ही उसनवारी शरीराला करावी लागते, झाडाच्या पानाकडून, धान्याच्या कोंड्याकडून, समुद्राकडून, उन्हाकडून, डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंकडूनही. पोषणशास्त्र म्हणजे या उसनवारीचा हिशेब. कोणती वस्तू कुठून येते, शरीर ती किती दिवस साठवून ठेवतं, आणि दार बंद झालं तर घरातलं कोणतं काम आधी थांबतं, हे सारं त्यात येतं. पुढच्या प्रकरणांत एकेका द्रव्याचा सविस्तर विचार आहे. इथे त्यातले काही धागे फक्त उलगडायचे आहेत.

काही वस्तू शरीराला पूर्वी येत होत्या आणि आता येत नाहीत, ही आणखी चकित करणारी गोष्ट. बकरी, कुत्रा, उंदीर यांना क जीवनसत्त्व खावं लागत नाही, त्यांचं यकृत ते साखरेपासून बनवतं. माणसाच्या जनुकांतही ती कृती लिहिलेली आहे, पण कोट्यवधी वर्षांपूर्वी तिच्यातली अक्षरं पुसली गेली आणि कृती निकामी झाली. फळं खाऊन झाडावर राहणाऱ्या पूर्वजांचं त्यावाचून अडलं नाही. अडलं ते लांबच्या जहाजी सफरींत. खारवलेलं मांस आणि वाळक्या बिस्किटांवर महिनोन्‌महिने काढणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, आणि वर्षांपूर्वी भरून आलेल्या जखमा पुन्हा उकलायच्या. शरीरातले धागे एकत्र बांधणारं कोलॅजेन क जीवनसत्त्वाशिवाय टिकत नाही, ते सतत नव्याने विणावं लागतं. विणकाम थांबलं की जुनी शिवणसुद्धा उसवते. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशी घेतले, दोन-दोनांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं औषध दिलं. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी सहा दिवसांत उठून कामाला लागली. इतका स्वच्छ निकाल हाती असूनही इंग्लंडच्या आरमाराला खलाशांना लिंबाचा रस नेमाने द्यायला १७९५ साल उजाडावं लागलं. त्या अठ्ठेचाळीस वर्षांत गेलेले जीव ज्ञानाच्या कमतरतेने गेले नाहीत, हे नोंदवून ठेवायला हवं.

कोंड्याची गोष्ट जावा बेटावरची. १८९० च्या सुमारास बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. या रोगात पाय लुळे पडतात, अंग सुजतं, शेवटी हृदय हरतं. त्याच्या प्रयोगशाळेच्या आवारातल्या कोंबड्याच एके दिवशी लंगडू लागल्या, मान टाकू लागल्या. मग काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या भटारखान्यातला उरलेला पांढराशुभ्र भात मिळत होता. नवा आचारी आला, आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना द्यायला त्याने नकार दिला. पुन्हा स्वस्तातला, कोंड्यासकटचा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या चालू लागल्या. आइकमनला आधी वाटलं, पांढऱ्या भातात विष असावं आणि कोंड्यात त्याचा उतारा. त्याचा सहकारी खेरिट ग्राइन्स याने १९०१ मध्ये उलटा विचार मांडला. विष कुठेच नाही, कोंड्यात असलेली एक गरजेची वस्तू पांढऱ्या भातात उरलेली नाही. आज हे सोपं वाटतं. पण आजार म्हणजे बाहेरून काहीतरी आत शिरणं, अशीच साऱ्या वैद्यकाची समजूत असताना, काहीतरी आत न आल्यानेही माणूस मरतो हे म्हणायला मोठी झेप लागते. ती वस्तू म्हणजे थायमिन, ब-१ जीवनसत्त्व. खाल्लेल्या साखरेतून ऊर्जा सोडवण्याचं काम त्याच्यावाचून अडतं, आणि मज्जातंतू व हृदय ही सर्वांत जास्त इंधन मागणारी इंद्रियं आधी कोलमडतात.

कोकणी आणि गोव्याच्या वाचकाला यातला पुढचा भाग जवळचा वाटेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मलायात दिसून आलं, की यंत्रावर सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या चिनी मजुरांना बेरीबेरी होतो, आणि शेजारीच राबणाऱ्या तमिळ मजुरांना सहसा होत नाही. भात दोघांचंही मुख्य अन्न. फरक एवढाच, की तमिळ लोक उकडा तांदूळ खात. भात सालासकट भिजत घालायचं, मोठ्या भांड्यात वाफ येईपर्यंत उकडायचं, अंगणात पसरून वाळवायचं आणि मगच सडायचं, ही उकड्या तांदळाची रीत. भिजताना आणि उकडताना कोंड्यातलं थायमिन पाण्याबरोबर दाण्याच्या गाभ्यात उतरतं आणि तिथेच बसतं. मग वरचा कोंडा सडून गेला तरी सगळं जात नाही. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सकाळच्या पेजेला लागतो तो हाच जाड, तांबूस रेघांचा तांदूळ. भाताची ही रीत कुणी जीवनसत्त्वासाठी शोधली नसेल. उकडल्याने दाणा कमी तुटतो, सालपट सहज सुटतं, भात टिकतो, एवढंच पाहून ती रुजली असेल. तरी तिने पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे पाय चालते ठेवले. आता बाजारात पांढरा, लांब, न चिकटणारा दाणा मानाचा झाला आहे, आणि घरची पेज लग्नसमारंभाच्या ताटाला कमीपणा आणणारी मानली जाते, याचं वाईट वाटतं. थायमिनचा साठा शरीरात दोन-तीन आठवड्यांपलीकडे पुरत नाही, त्याची उसनवारी जवळजवळ रोजची आहे.

ऊर्जा आणि प्रथिनं हा या विषयातला सर्वांत मोठा वाद होता, आणि त्याच्या मध्यभागी एक मराठी माणूस होता. साताऱ्याजवळच्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ. १९५१ पासून १९७० पर्यंत रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा सांख्यिकी विभाग त्यांच्याकडे होता. त्या काळी जगभरच्या तज्ज्ञांना गरीब देशांतली मुलं प्रथिनांअभावी सुकत आहेत याची खात्री होती. भुकटी, बिस्किटं, माशांचं पीठ, शैवाल अशा नाना योजना निघत होत्या. सुखात्म्यांनी आकडे मांडून दाखवलं, की भारतातलं साधं धान्य-डाळीचं जेवण भूक भागेल इतकं मिळालं तर प्रथिनं बहुधा पुरतात. धान्यच पुरत नाही तेव्हा शरीर आलेली प्रथिनंसुद्धा लाकडासारखी जाळून टाकतं. म्हणजे तुटवडा आधी अन्नाचा, मग प्रथिनांचा. चूल पेटवायला सरपण नाही म्हणून घरातली खुर्ची फोडून जाळावी, तसं हे.

पुण्यात गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची रेषा आखताना दररोजचे २,२५० उष्मांक हा निकष धरला. सुखात्म्यांना एकच सरासरी आकडा सगळ्यांना लावणं मान्य नव्हतं. माणसाची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं, असं ते म्हणत. दांडेकरांना त्यात उपाशी माणसाला ‘जुळवून घेतलेला’ म्हणून यादीतून वगळण्याचा धोका दिसत होता. दोघेही आपापल्या जागी कळकळीने बोलत होते. एका उष्मांकाच्या आकड्यावर सरकारी धान्य कुणाला मिळणार हे ठरतं, म्हणून असे वाद पुस्तकी नसतात.

डाळ-भाताचं शहाणपण मात्र कुणीच नाकारलं नाही. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची माळ, त्यांतले नऊ प्रकार बाहेरूनच आणावे लागतात. तांदूळ, गहू, ज्वारीत लायसिन हा मणी कमी, डाळीत तो भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात आहे. वरण-भात, खिचडी, पिठलं-भाकरी, पुरणपोळी या सगळ्या जोड्यांत एकाची उणीव दुसरा भरून काढतो. पण जोडी म्हणजे दोन्ही बाजू हव्यात. परातभर भातावर वाटीभर पिवळं पाणी ओतलं तर त्याला वरण म्हणायची सवय लागते, प्रथिन मिळत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी माणसाला दर किलो वजनामागे रोज पाऊण ग्रॅमहून थोडं अधिक, ०.८३ ग्रॅम, चांगल्या प्रतीचं प्रथिन लागतं. पन्नास किलोच्या बाईला ते चाळीस-बेचाळीस ग्रॅम पडतं, आणि तेवढं मिळवायला डाळ घट्ट असावी लागते, सोबत दूध, अंडं, मासळी किंवा मोड आलेली कडधान्यं असावी लागतात.

समुद्राची उसनवारी आकाराने सर्वांत लहान. माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला तर चार ग्रॅमही भरत नाही. तेवढंही हिमालयाच्या उतारांवर मिळत नाही, कारण पावसाने आणि बर्फाने तिथल्या मातीतलं आयोडीन युगानुयुगं धुऊन नेलं आहे. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीनसाठी धडपडत फुगते, तोच गलगंड. गाठ निदान दिसते तरी. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ या ग्रंथीच्या संप्रेरकावर चालते, आणि तिथे झालेलं नुकसान कुणाला दिसत नाही, भरूनही येत नाही. १९५६ साली व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्याचे तीन भाग पाडले. एका भागाला साधं मीठ पुरवलं, दोन भागांना आयोडीन मिसळलेलं. काही वर्षांतच आयोडीनच्या भागांत मुलांचे गलगंड ओसरू लागले, साध्या मिठाच्या भागात नाहीत. १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तो या खोऱ्याच्या पुराव्यावर. आज वाण्याकडून आणलेल्या मिठाच्या पुडीत कांगड्याची मुलं आहेत, असं म्हटलं तरी चालेल. ती पुडी उघडी न ठेवता झाकणाच्या बरणीत ओतायची, एवढंच त्या श्रमांचं मोल राखायला घरात करावं लागतं.

उन्हाबद्दल थोडक्यात. ड जीवनसत्त्व हे खऱ्या अर्थाने जीवनसत्त्वही नाही, कातडीवर दुपारचं ऊन पडलं की शरीर ते घडवतं आणि मग आतडी चुना शोषून घेऊ लागतात. इतकं ऊन असलेल्या देशात बंद घरांत, कचेऱ्यांत आणि वर्गांत दिवस काढणाऱ्यांची हाडं ठिसूळ होतात. अ जीवनसत्त्वाचंही तसंच: शेवग्याचा पाला, गाजर, पिकलेला आंबा यांतल्या रंगद्रव्यापासून शरीर ते बनवतं आणि अंधारात पाहण्यासाठी डोळ्यात वापरतं. ते रंगद्रव्य तेलात विरघळतं, पाण्यात नाही. पालेभाजीला घातलेली तेलाची फोडणी म्हणून नुसती चवीची नाही. १९७० पासून लहान मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस पाजला जातो, आणि तोही तेलातलाच असतो.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेला अभ्यास या विषयात जगाला माहीत आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी लग्न झालेल्या तरुण मुलींची गर्भारपणाआधीपासून नोंद ठेवू लागले. शेतात राबणाऱ्या, बारीक चणीच्या या आयांची बाळं सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. वजन कमी, हात-पाय काटकुळे, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळाइतकी राखलेली. बारीक दिसणाऱ्या माणसाला मधुमेह का होतो, याचं एक उत्तर पाळण्यात सापडू लागलं. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक खात, त्यांची बाळं मोठी होती. पुढे आणखी एक गोष्ट उघडी पडली. सुमारे दोन तृतीयांश आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं.

ब-१२ हे सर्वांत विलक्षण उसनं. कोणतंही झाड ते बनवत नाही, कोणताही प्राणी बनवत नाही. ते फक्त काही सूक्ष्मजीवांना येतं. गाई-म्हशीच्या पोटात असे जंतू राहतात, म्हणून ते दुधात, मांसात उतरतं. शाकाहारी घरात ते दूध-दही-ताकातूनच येतं, आणि सासुरवाशिणीच्या वाट्याला दूध चहापुरतंच आलं तर जवळजवळ येतच नाही. यकृत त्याचा साठा वर्षांसाठी करून ठेवतं, त्यामुळे तुटवडा सावकाश, बेमालूम चढतो. हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा, कारण न कळणारा थकवा, आणि रक्तात पुन्हा त्याच मोठ्या, मोजक्या पेशी. कारण फॉलेट आणि ब-१२ एकाच कामावरचे दोन गडी आहेत. ब-१२ नसेल तर शरीरातलं फॉलेट एका रूपात अडकून पडतं, असून नसल्यासारखं. अशा वेळी फॉलिक आम्लाच्या नुसत्या गोळ्या दिल्या तर रक्त सुधारतं, पण मज्जातंतूंची झीज आतल्या आत चालू राहते. पुण्याच्या अभ्यासात ज्या आयांचं फॉलेट भरपूर आणि ब-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची लक्षणं सर्वांत जास्त दिसली. परळच्या प्रयोगशाळेत सुरू झालेली गोष्ट साठ-पासष्ट वर्षांनी पुण्याच्या खेड्यांत अशी पुढे सरकली. एक वस्तू मिळाली म्हणून हिशेब मिटत नाही, तिचा जोडीदारही यावा लागतो.

लोहाचा तर सगळा संसारच जोडीदारांवर अवलंबून आहे. मोठ्या माणसाच्या अंगात लोह तीन-चार ग्रॅम, एखाद्या खिळ्याएवढं. त्यातलं बरंचसं रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये बसून फुप्फुसातला प्राणवायू पायाच्या बोटापर्यंत वाहतं. जादा झालेलं लोह बाहेर टाकायची शरीरात वाट नाही, म्हणून आतडं दारावरच कडक पहारा ठेवतं आणि बाजरी, पालेभाजी, कडधान्यांतलं लोह थोडंच आत घेतं. धान्याच्या सालीतलं फायटेट त्याला धरून ठेवतं, चहातला टॅनिन वाट अडवतो, आणि लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व वाट मोकळी करतं. पोह्यांवर पिळलेली लिंबाची फोड म्हणून मोलाची, आणि त्याच पोह्यांबरोबर घेतलेला चहा तितकाच नुकसानीचा. लहान बाळाला नाचणी सत्त्व देताना जुन्या बायका नाचणी भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, सावलीत वाळवतात, भाजतात आणि मग दळून वस्त्रगाळ करतात. मोड येताना दाण्यातलं फायटेट मोडतं, धरून ठेवलेला चुना आणि लोह सुटं होतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. तो बाळाच्या हाडांपर्यंत अधिक पोचतो, तो या तीन दिवसांच्या खटाटोपामुळे. डब्यातलं पांढरं पीठ आणून आईला वेळ वाचवावा लागतो, यात तिचा दोष नाही. पण त्या फडक्यात काय घडत होतं, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

२०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तो आकडा ६८.९ टक्के आहे. देशातल्या सधन राज्यांत गणना होणाऱ्या राज्याची ही स्थिती आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर जी शेवटी बसते, तिच्या वाट्याला भाजीचा रस्सा येतो, फोडी संपलेल्या असतात. दर महिन्याला रक्त तिचंच जातं, आणि पुढची पिढी तिच्याच लोहावर वाढते. तिच्या ताटात काय पडतं हा घरातल्या नीतीचा प्रश्न आहे, आणि पोषणाची कोणतीही चर्चा तो टाळून पुरी होऊ शकत नाही.

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या हातावर आज लाल गोळी ठेवली जाते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, ल्युसी विल्स यांनी मुंबईत ज्याचा माग काढला तेच. शाळेतल्या किशोरवयीन मुलामुलींना तीच जोडी आठवड्यातून एकदा निळ्या गोळीतून मिळते. लाल गोळीने मळमळतं, शौचाचा रंग काळा होतो, म्हणून कित्येक जणी ती फडताळात ठेवून देतात. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा असतो आणि त्याने काही बिघडत नाही, हे आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई दारात उभं राहून सांगतात तेव्हा गोळी पोटात जाते. चहाच्या आधी-नंतर तासभर सोडून, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर तिचा गुणही अधिक येतो.

एक काम मात्र ही लाल गोळी करू शकत नाही. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. मिटताना फॉलेट कमी पडलं तर पाठीचा कणा उघडा राहू शकतो. १९९१ साली सात देशांत झालेल्या चाचणीने दाखवलं, की ज्यांचं आधीचं बाळ असं जन्मलं त्या आयांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल दिलं, तर पुढच्या बाळांतलं हे व्यंग सुमारे ७२ टक्क्यांनी टळतं. अठ्ठाविसाव्या दिवशी बहुतेक बायकांना दिवस गेल्याचं नीटसं कळलेलंही नसतं. म्हणून ती वाटी घेऊन शेजारी जायचं ते त्याच्याही आधी, लग्न ठरलेल्या मुलीच्या ताटात मेथी-पालक वाढताना आणि मूल हवं असं ठरवणाऱ्या जोडप्याने डॉक्टरकडून फॉलिक आम्लाची साधी, स्वस्त गोळी लिहून घेताना.